वजन नसलेल्या पाण्याची चित्रकला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वेंगुर्ल्याजवळ घराच्या पडवीत मुलांचे चित्रकलेचे क्लास घेतो. २०२५ च्या जुलैत भारताचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला स्पेस स्टेशनवर होते, त्यांनी तिथे पाण्याचा गोळा हवेत तरंगत ठेवून दाखवला, आणि तो व्हिडिओ पोरांनी मला भर पावसात पडवीत बसून दाखवला. त्या दिवसापासून क्लासमध्ये रंगांपेक्षा पाण्यावरच जास्त बोलणं होतंय. पोरं विचारतात, त्यांचे आईबाप विचारतात, समोरच्या दुकानातले काका सुद्धा विचारतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच बसून लिहून काढलं.

तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून पाणी तरंगतं ना?

नाही. हे सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. स्टेशन जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे आपण वेंगुर्ल्याहून पुण्याला जातो साधारण तेवढंच, फक्त वरच्या दिशेने. एवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के शिल्लक असते. मग तरंगतं का, तर स्टेशन पडतंय म्हणून. ताशी सुमारे २८,००० किलोमीटरने आडवं धावता धावता पडतंय, त्यामुळे ते जेवढं खाली येतं तेवढीच पृथ्वीची गोलाई खालून वळत जाते आणि ते जमिनीला लागतच नाही, दीड तासात एक फेरी मारून परत तिथेच.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर माडावरून सुटलेलं शहाळं बघा. १५ मीटर उंच माड धरला तर शहाळं खाली यायला पावणेदोन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ त्याच्या आतल्या पाण्याला जवळजवळ वजन नसतं, कारण पाणी आणि करवंटी दोघं एकाच वेगाने पडतायत, कोण कोणावर टेकणार? स्टेशनवरचा माणूस, त्याची पाण्याची पिशवी, त्याचा ब्रश, सगळं त्या शहाळ्यातल्या पाण्यासारखं. फरक एवढाच की त्यांचं शहाळं कधी खाली पोचत नाही.

मग पाण्याला आकार कोण देतं?

पाण्याची स्वतःची कातडी. पुस्तकात पृष्ठताण म्हणतात. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, पृष्ठभागावरच्यांना बाहेरून धरणारं कोणी नसतं म्हणून ते आत ओढले जातात आणि सगळं मिळून कमीत कमी पृष्ठभागाचा आकार घेतं, तो आकार म्हणजे गोळा.

पावसात परसातल्या अळूच्या पानाजवळ जाऊन नीट बघा. मोहरीएवढा थेंब पक्का गोल असतो, मोत्यासारखा, पान हललं की घरंगळतो. दोनतीन थेंब एकत्र आले आणि जरा मोठा झाला की वरून चपटा होतो, भाकरीच्या गोळ्यावर हात ठेवल्यासारखा. तो हात म्हणजे वजन. जमिनीवर पाण्याच्या कातडीचं राज्य दोनतीन मिलिमीटरपर्यंतच चालतं, त्याच्या वर वजन जिंकतं. स्टेशनवर ही मर्यादाच जाते, त्यामुळे तिथे लाडवाएवढा, पपनसाएवढा सुद्धा गोळा गोलच राहतो. अळवावरचं पाणी म्हणजे क्षणात जाणारी गोष्ट असं आपण म्हणतो, वर तेच अळवावरचं पाणी नारळाएवढं होऊन समोर तासभर थांबतं.

ब्रशने रंगवता येतं का तिथे?

येतं, आणि जमिनीवरच्यापेक्षा काही बाबतीत बरं येतं. ब्रशात पाणी राहतं ते केसांच्या फटींमधल्या ओढीने, त्याचा वजनाशी तसा संबंध नाही. अमेरिकन अंतराळवीर निकोल स्टॉट यांनी २००९ मध्ये स्टेशनवर जलरंगात चित्र काढलं, अंतराळातलं पहिलं जलरंगचित्र तेच. विषयही आपल्याला जवळचा वाटेल असा, वरून काढलेल्या फोटोतला व्हेनेझुएलाच्या लोस रोकेस बेटांचा समुद्र, लाटेसारखा दिसणारा. पाण्याचा वाडगा ठेवणं शक्यच नाही, त्यामुळे पिण्याच्या पिशवीच्या नळीतून एक थेंब बाहेर काढायचा आणि तरंगत्या थेंबाला ब्रश टेकवायचा, टेकवला की थेंब आपणहून केसांत चढतो. मग ते पाणी रंगाच्या वडीला टेकवायचं, मग कागदाला, दर वेळी नुसतं टेकवायचं. रगडलं तर थेंब सुटून भलतीकडे जातो.

हे मी गणपतीच्या शाळेत म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात सांगितलं तेव्हा तिथले रंगारी लगेच समजले. डोळ्यांची रेखणी करताना ते ब्रश रंगात बुडवतात, मग वाटीच्या काठाला दोनदा निथळून घेतात, श्वास धरतात आणि मग पापणीची रेघ ओढतात, कारण ब्रशात रंग जरा जास्त झाला तर तो गालावर ओघळतो आणि बाप्पा रडल्यासारखा दिसतो. तिथे ओघळ नावाची भानगडच नाही. जास्तीचा रंग ब्रशाच्या टोकाशी थेंब होऊन फुगतो आणि वाट बघत राहतो. ओघळ नाही म्हणजे सुख असं वाटेल, पण जलरंगवाल्याला विचारा, अर्धी मजा ओघळातच असते, कागद तिरका धरून आकाश खाली उतरवायचं वगैरे. ते तिथे विसरायचं.

अंतराळातलं पहिलं चित्र हेच का?

पहिलं चित्र नव्हे, पहिलं जलरंगचित्र. पहिलं चित्र रशियाच्या अलेक्सेई लिओनोव यांचं, मार्च १९६५, वोस्खोद-२ मधून बघितलेला सूर्योदय, रंगीत पेन्सिलींनी. पेन्सिली दोऱ्याने बांधून ठेवलेल्या होत्या, नाहीतर गेल्या उडत. त्याच सफरीत ते यानाबाहेर पडणारे पहिले माणूस ठरले, ते सगळं जिवावरचं उरकून वर चित्र पण काढलं, म्हणजे आमच्या पोरांनी गृहपाठाला वेळ मिळाला नाही म्हणून सांगू नये.

पण कागद, ब्रश सोडून नुसत्या पाण्याची, रंगाची कला कोणी केलीय का?

केलीय, आणि माझा खरा इंटरेस्ट यातच आहे.

१९९८ मध्ये फ्रँक पिएट्रोनिग्रो नावाचे अमेरिकन कलाकार नासाच्या केसी-१३५ विमानात चढले. हे विमान कमानीसारखं वर जाऊन खाली झेपावतं आणि प्रत्येक कमानीत वीसपंचवीस सेकंद वजन गायब होतं. त्यांनी प्लॅस्टिकच्या पारदर्शक खोलीत स्वतःला बंद करून घेतलं आणि केकवर क्रीम काढायच्या पिशव्यांमधून ऍक्रिलिक रंग हवेत सोडले. रंगाच्या दोऱ्या, गाठी, गोळे आजूबाजूला तरंगतायत आणि चित्रकार चित्राच्या आत. कॅनव्हास नाही, समोरची बाजू नाही, वर-खाली नाही. विमान परत सरळ झालं की सगळं चित्र धपकन खाली, म्हणजे बहुतेक चित्रकाराच्याच अंगावर.

दुसरे डॉन पेटिट. हे केमिकल इंजिनिअर, नासाचे अंतराळवीर, पण माझ्या मते या विषयातले सगळ्यात मोठे कलाकार तेच, ते स्वतः काय म्हणतात तो भाग वेगळा. २००३ मध्ये सुट्टीच्या वेळात त्यांनी तारेच्या कड्यात पाण्याचा पातळ पडदा धरला, आपण साबणाचा धरतो तसा पण साध्या पाण्याचा, जो इथे धरताच येणार नाही. त्यात चमकणारे बारीक कण टाकले की पाण्याच्या आतले भोवरे दिसायला लागतात, आणि ते भोवरे फिरत राहतात, फिरत राहतात. २०१२ मध्ये त्यांनी स्वेटर विणायच्या सुईला घासून वीजभारित केलं आणि शेजारी पाण्याचे थेंब सोडले, तर थेंब सुईभोवती गिरक्या घेऊ लागले, गरब्यात मध्ये दिवा ठेवून फिरतात तसे.

जपानचे कलाकार ताकुरो ओसाका यांनी स्टेशनच्या जपानी भागात म्हणजे किबोमध्ये तरंगत्या पाण्याच्या गोळ्यावर रंगांचं मार्बलिंग म्हणजे संगमरवरासारखी नक्षी करवून घेतली. २०१५ मध्ये स्टेशनवरच्या मंडळींनी खाण्याच्या रंगाने रंगवलेल्या गोळ्यात फसफसणारी गोळी सोडून चांगल्या कॅमेऱ्याने शूट केलं. इथे बुडबुडे वर पळतात, तिथे वर कुठेय? बुडबुडे आतच धडपडत राहतात, गोळा आतून फेसाळतो, काठाशी फुटतात तेव्हा बारीक तुषार उडतात. त्याच्या आदल्या वर्षी तर एक छोटा कॅमेराच गोळ्याच्या आत घालून आतून बाहेरचं शूटिंग केलं होतं.

दोन रंग एकमेकांत मिसळतात का?

फार हळू. इथे ग्लासभर पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो जड असतो म्हणून खाली बुडतो, बुडताना मुळ्या फुटल्यासारखा पसरतो, एक मिनिटात निम्मा ग्लास निळा. तिथे बुडायला कारणच नाही. तुम्ही सिरिंजने जेवढा धक्का दिला तेवढा रंग आत शिरतो आणि थांबतो, पुढचं काम फक्त कणांच्या आपापल्या भटकण्यावर, आणि नुसतं तसं एक सेंटिमीटर सरकायला सुद्धा जवळपास एक दिवस लागू शकतो. म्हणजे आत पिवळं फूल काढून ठेवलं तर ते बराच वेळ फूलच राहील, कोणी गोळा हलवला नाही तर.

तेल आणि पाण्याचं पण तसंच. खोबरेल आणि पाणी बाटलीत हलवून ठेवलं तर इथे तेल मिनिटात वर येतं, तिथे वर यायला वजनातला फरक कामाचाच नाही, त्यामुळे ठिपके ठिपके होऊन राहतं.

गोळ्याला बोट लावलं तर काय होतं?

बोट कोरडं असेल आणि पटकन काढलं तर गोळा लचकतो. लाडवाएवढा म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर व्यासाचा पाण्याचा गोळा सेकंदाला जवळपास एकदा लांबट-चपटा-लांबट होतो, आवळ्याएवढा २ सेंटिमीटरचा सेकंदाला चारेक वेळा. मोठा गोळा जाड्या माणसासारखा सावकाश, छोटा भरभर. साबण टाकला तर कातडी सैल होऊन आणखी सावकाश. माझ्या मते गोळ्याचा रंग वगैरे दुय्यम आहे, खरी कला या लचकण्यात आहे, कारण तो ताल गोळ्याच्या आकारावर ठरतो आणि तुम्ही आकार निवडलात की ताल निवडून झाला.

बोट ओलं असेल तर मात्र गोळा बोटाला चिकटतो आणि हातावर पसरतो. २०१३ मध्ये कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांनी स्टेशनवर ओलं फडकं पिळून दाखवलं, पाणी खाली पडलंच नाही, फडक्याभोवती नळीसारखं गुंडाळलं आणि तिथून हातांवर जेलसारखं चढलं. ही आयडिया कॅनडातल्या दोन शाळकरी मुलींची होती, हे मी क्लासमध्ये मुद्दाम सांगतो.

पाणी सांडलं तर?

सांडत नाही, सुटतं, आणि ते जास्त वाईट. सुटलेला थेंब हवेच्या झोताबरोबर फिरत कुठल्यातरी यंत्रात जाऊन बसतो. पाणी अंगाला चिकटलं तर काय होतं याचं भयंकर उदाहरण इटलीचे अंतराळवीर लुका परमितानो यांचं. १६ जुलै २०१३, स्टेशनबाहेर काम चालू असताना हेल्मेटमध्ये लिटरभराहून जास्त पाणी गळलं आणि ते तळाशी न साचता चेहऱ्यावर चढलं, डोळे, नाक झाकलं गेलं. कसेबसे आत परतले आणि वाचले. विहिरीत बुडणं आपल्याला माहीत आहे, डोक्याएवढ्या भांड्यात उभ्याउभ्या बुडायची वेळ येणं हे वेगळंच.

म्हणून टॉवेल हातात ठेवून छोटे गोळे करायचे, आणि काम झालं की नळीने ओढून घ्यायचे.

ऑइल पेंट, टर्पेंटाइन चालेल का?

टर्पेंटाइन विसरा. बंद हवा आहे, तीच हवा गाळून परत श्वासात घ्यायची, खिडकी उघडायची सोय नाही. खाण्याचे रंग, जलरंग, झालं.

एवढं पाणी नुसतं खेळायला वाया घालवतात?

वाया जात नाही. स्टेशनवर घाम, मूत्र, उच्छ्वासातली वाफ सगळं गोळा करून परत पिण्याचं पाणी करतात, ९८ टक्क्यांपर्यंत पाणी परत मिळवता येतं. एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या गावांनी हे वाचावं.

सोलकढी पिता येईल का?

हा प्रश्न आमच्या शेजारच्या आजींचा. त्यांचा मूळ प्रश्न असा, "पाणी वरच रवता तर पिवचा कसा?" आजी, पिशवीतून नळीने पितात. पण पेटिट यांना कॉफीचा कप हवा होता, वास येतो म्हणून, तर त्यांनी २००८ मध्ये तिथल्या वहीतलं प्लॅस्टिकचं पान वाकवून एका बाजूला टोकदार कोपरा असलेला कप केला, पापणीच्या आकाराचा म्हणा. कॉफी त्या कोपऱ्यातल्या फटीतून आपणहून ओठापर्यंत चढते, दिव्यातलं तेल वातीत चढतं तशी. अंतराळात शोधलेल्या वस्तूला मिळालेलं पहिलं पेटंट म्हणून हा कप ओळखला जातो. त्यात सोलकढी चालायला हरकत नसावी, मिरचीचा तुकडा कोपऱ्यात अडकणार नाही एवढं बघा.

घरी यातलं काय करता येईल?

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही आम्ही केल्यात.

पहिली बाटलीची. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ गरम दाभणाने दोन भोकं पाडा, बोटाने दाबून धरा, पाणी भरा, दिसायला हवं म्हणून थोडं कोकमाचं आगळ घाला. बूच लावू नका. बोट काढलं की लाल चिळकांड्या. आता बाटली माडीवरून अंगणात सोडून द्या. हातातून सुटली त्या क्षणी चिळकांड्या बंद. ३ मीटर उंचीवरून पडायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, फोन सेकंदाला २४० फ्रेमवर लावला की १८७ फ्रेम मिळतात, आणि त्या सगळ्या फ्रेममध्ये भोकाच्या तोंडाशी पाणी लाल मण्यासारखं फुगून बसलेलं दिसतं. आम्ही ती चित्रं प्रिंट काढून पडवीत लावलीत. खाली गोणपाट घाला, बाटली फुटते. आणि फोन स्टुलावर ठेवून निर्धास्त राहू नका, आमचा पागोळ्यांखालच्या डोणीत गेला. वॉटरप्रूफ म्हणून घेतलेला, दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला आणि सांगितलं वॉरंटीत पाणी बसत नाही. बरं.

दुसरी जुनी आहे, एकोणिसाव्या शतकातले बेल्जियमचे जोसेफ प्लॅटो यांची. तेल पाण्यावर तरंगतं आणि स्पिरिटमध्ये बुडतं, मग दोघांचं असं मिश्रण करायचं की तेल ना वर ना खाली. काचेच्या बरणीत स्पिरिट आणि पाणी साधारण निम्मं निम्मं घ्या, ड्रॉपरने मधोमध तेल सोडा. वर गेलं तर स्पिरिट वाढवा, खाली गेलं तर थेंबथेंब पाणी. जमलं की लिंबाएवढा सोनेरी गोळा बरणीच्या पोटात निवांत थांबतो, अगदी स्टेशनवरच्यासारखा. काडीने हळूच फिरवला तर मध्ये फुगतो, प्लॅटोंनी तर फिरवून त्याची कडी करून दाखवली होती, आम्हाला अजून जमली नाही. खोबरेल थंडीत थिजतं, डिसेंबरात करायचं तर शेंगदाणा तेल घ्या. स्पिरिट पेट घेतं, देवाजवळ समई चालू असेल तिथे करू नका, आणि मोठ्या माणसाने बाजूला उभं राहायचं.

पाण्यावरची रांगोळी पण हेच ना?

चुलत भावंड म्हणा. ती कोरडी पूड पाण्याच्या कातडीवर बसते, म्हणजे कातडी तीच. पण पातेल्यातली कातडी सपाट, एका बाजूची, आपण वरून बघतो. गोळ्याची कातडी सगळीकडून, आरंभ नाही की काठ नाही, पलीकडे काढलेलं पाण्यातून मोठं होऊन अलीकडे दिसतं.

ही कला की विज्ञानाचा प्रयोग?

स्पष्ट सांगतो, आतापर्यंतचं बरंचसं गंमत म्हणून दाखवलेलं आहे, बघा कसा गोळा होतो, टाळ्या. एकदा बघितलं की झालं. कला तिथे सुरू होते जिथे करणारा एका गोष्टीवर अडून बसतो, पेटिट त्या पडद्यावर अडून बसले तसे. वेळ महाग आहे, तिथला एकेक तास आधीच वाटलेला असतो, त्यामुळे अडून बसायला सुट्टीचा दिवसच मिळतो. मला वाटतं जमिनीवरचा चित्रकार आयुष्यभर ओघळाशी भांडतो नाहीतर मैत्री करतो, पण तो ओघळ आपला नसतोच, तो पृथ्वीचा असतो. तिथे पहिल्यांदा रंग स्वतः काय करतो ते दिसतं. ते बघून परत आलेल्या माणसाने खाली काय काढलं हे मला जास्त बघायचंय.

आपल्याला ते वजन गायब करणारं विमान मिळेल का?

फ्रान्समध्ये बोर्दोहून आणि अमेरिकेत पैसे भरून अशा विमानातून जाता येतं, कमानीला वीसबावीस सेकंद. तिकिटात इथे एखादी जुनी गाडी येईल. आमचा पर्याय माडीवरून बाटली सोडायचा.

तुमच्या पडवीत बघायला कधी यायचं?

पाऊस असताना. कौलाच्या पन्हळीतून सुटलेली पागोळी खाली येईपर्यंत वजनाशिवाय असते, टोकाशी शेपटी काढून तुटते, एकदोनदा लचकते आणि गोल होते, फोनवर स्लो केलं की सगळं दिसतं. बाटली, जुना टॉवेल आणि अळूचं एक पान घेऊन या, दाभण आमच्याकडे आहे. दसऱ्यानंतर पागोळ्यांचा भरवसा नाही, तेव्हा नुसती बरणी बघायला मिळेल.